वडिलांची सही की मुलाची? – संग्राह्य पेन विकण्याविषयी वाचकांचे प्रश्न

मर्यादित आवृत्तीची शाईची पेने विकण्याविषयी गेल्या दोन महिन्यांत पाच पत्रे आली. त्यांपैकी पहिले पत्र सर्वांत तपशीलवार असल्यामुळे त्याचे उत्तरही लांबले आहे. त्यात येऊन गेलेले मुद्दे पुढच्या उत्तरांत पुन्हा लिहिलेले नाहीत, म्हणून बाकीच्या पत्रलेखकांनीही ते उत्तर आधी वाचावे, ही विनंती.

प्रश्न : माझे सासरे डॉक्टर होते. १९९७ साली एका परिषदेसाठी ते जर्मनीला गेले होते, तेव्हा तेथून त्यांनी माँ ब्लाँ कंपनीचे, अलेक्झांडर ड्यूमा यांच्या नावाने काढलेले पेन आणले. काही वर्षे त्यांनी ते हौसेने वापरले आणि नंतर कपाटात ठेवून दिले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. पेनात निळी शाई वाळली आहे आणि मागची गुंडी फिरत नाही. पेटी आहे, पण पुस्तिका सापडत नाही. घरात आता शाईने लिहिणारे कोणी उरलेले नाही, म्हणून ते विकावे असे यजमानांचे व माझे मत झाले. आमच्या सोनारांनी निब सोन्याची असल्याचे सांगून तिच्या वजनाचे पैसे देऊ केले. उलट भाच्याने एका संकेतस्थळावर हेच पेन काही लाखांना लावलेले दाखवले. यातील काही पेनांवर चुकीची सही आहे, असेही तो म्हणतो. यात खरे काय? विकण्यापूर्वी पेन स्वच्छ करून घ्यावे का? आणि ते कोठे विकावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सर्वप्रथम, ते पेन पुन्हा सोनाराकडे नेऊ नये. त्यांनी आपली फसवणूक केली असे मी म्हणत नाही, कारण त्यांच्या तराजूत जे तोलता येते त्याचाच भाव त्यांनी सांगितला. निबेवर ७५० हा आकडा कोरलेला असेल तर ती १८ कॅरेटची आहे. परंतु मोठ्या पेनाच्या निबेतही सोने एखाद-दोन ग्रॅमपलीकडे जात नाही, आणि एकदा निब उपटून वितळवली की उरलेल्या पेनाला संग्राहकाच्या लेखी काहीच किंमत राहत नाही.

आता सहीविषयी. आपल्या भाच्याची माहिती बरोबर आहे. माँ ब्लाँने लेखकांच्या नावाची मालिका १९९२ साली हेमिंग्वेपासून सुरू केली, १९९३ साली अगाथा ख्रिस्ती आली आणि १९९६ साली ड्यूमा. या पेनांच्या टोपणावर त्या त्या लेखकाची सही कोरण्याची पद्धत आहे. अलेक्झांडर ड्यूमा या नावाचे दोन लेखक होऊन गेले. वडील १८०२ ते १८७० या काळातले आणि मुलगा १८२४ ते १८९५ या काळातला. नाव एकच आणि व्यवसायही एकच. पेन वडिलांच्या नावाचे होते, पण काही पेनांवर सही मुलाची कोरली गेली. हे ध्यानात येईपर्यंत ती पेने दुकानांतून विकली गेली होती, त्यामुळे आज बाजारात दोन्ही प्रकारची पेने फिरतात आणि जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो तो सहीचाच. वडिलांच्या आणि मुलाच्या सह्यांची छायाचित्रे सहज मिळतात. ती शेजारी ठेवून भिंगाखाली आपल्या पेनावरील सहीशी ताडून पाहावीत. मुलाची सही निघाली तर विक्रीच्या वर्णनात तसे स्पष्ट लिहावे. तो दोष आहे असे समजून लपवू नये, कारण त्या चुकीच्याच शोधात असलेले संग्राहक आहेत. आपल्याकडे उलट्या छपाईच्या टपाल तिकिटासाठी जसे लोक जीव टाकतात, तसलाच हा प्रकार आहे.

पेन अस्सल आहे की नाही याची शंका आपल्याला नसली तरी घेणाऱ्याला असणारच. या मालिकेतील त्या काळची शाईची पेने पिस्टनवर चालणारी आहेत, म्हणजे मागची गुंडी फिरवली की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि शाई ओढली जाते. पेन उघडल्यावर आत सुटी शाईनळी बसवण्याची सोय दिसली, तर ते पेन नकली किंवा कोणीतरी जोडजाड केलेले असते. बहुतेक नकला अक्षरांच्या कोरणीतही पकडल्या जातात. अस्सल पेनावरील अक्षरे बारीक असली तरी त्यांच्या कडा स्वच्छ असतात, तर नकलेत ती कोठे खोल, कोठे पुसट असतात.

स्वच्छतेबाबत माझे मत जरा कडक आहे. बाहेरून जवळपास काहीही करू नये. मऊ, कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसावे, एवढेच. क्लिप आणि कडी यांवर सोन्याचा मुलामा असतो आणि तो घासला की जातो. टूथपेस्ट, ब्रासो, पितांबरी यांनी देवघरातील समई उजळते, पेन मात्र बाद होते. हे मी अनुभवाने लिहितो. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे चांदीच्या टोपणाचे एक जुने पेन आले होते आणि ते काळे पडलेले पाहून मी उत्साहाच्या भरात भांड्यांच्या पावडरीने घासून लखलखीत केले. टोपण आरशासारखे झाले खरे, पण नक्षीच्या खाचांत साठलेली काळी छटा गेली, त्याबरोबर नक्षीचा उठावही गेला, आणि ज्यांनी ते आधी पाहून किंमत सांगितली होती त्यांनी दुसऱ्या भेटीत पेन हातातही घेतले नाही.

आतील शाईसाठी मात्र पाणी द्यावे, आणि तेही साधे, माठातल्या पाण्याइतके थंड. गरम पाण्याने जुने भाग वाकतात आणि चिकटवलेले सांधे सुटतात. स्पिरिट तर कटाक्षाने टाळावे. एका वाटीत पाणी घेऊन त्यात निब आणि तिच्या खालची काळी जीभ एवढाच भाग बुडेल अशा बेताने पेन उभे ठेवावे. थोड्या वेळाने निबेच्या चिरेतून निळ्या शाईचा केसाएवढा धागा खाली उतरू लागतो, वाटीच्या तळाशी पोचून पसरतो आणि पाणी न हलवताही हळूहळू सगळी वाटी निळी होते. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत दोन-तीन दिवस हे चालू ठेवावे. पाणी पांढरे राहू लागले की मागची गुंडी दोन बोटांच्या चिमटीत धरून, अगदी हलक्या हाताने फिरवून पाहावी. फिरली तर उत्तम. न फिरल्यास तेथेच थांबावे, पक्कड तर हातीही घेऊ नये. पिस्टन घट्ट बसला आहे असे सांगून विकलेले पेन दुरुस्त करून घेणारा ग्राहक मिळतो, परंतु गुंडीचा आटा तुटलेले पेन बहुधा सुट्या भागांच्या भावानेच जाते. शेवटी निब खाली करून, जुन्या मलमलीच्या घडीवर टेकवून पेन रात्रभर वाळू द्यावे.

कंपनीच्या सेवाकेंद्राकडे दुरुस्तीला देण्याचा विचार असेल, तर एक गोष्ट आधी लेखी मागून घ्यावी. आमच्या परवानगीशिवाय कोणताही भाग बदलू नये, आणि बदललाच तर जुना भाग परत द्यावा. सेवाकेंद्राच्या दृष्टीने पेन नव्यासारखे करून देणे हे चांगले काम असते. पण समजा, आपल्या टोपणावर मुलाची सही आहे आणि ओरखडे दिसतात म्हणून टोपणच बदलून आले, तर आपल्या पेनाचे जे वैशिष्ट्य होते तेच गेले.

पुस्तिका नीट शोधावी. तिच्यावर दुकानाचा शिक्का आणि खरेदीची तारीख असते. डॉक्टरांच्या घरात जुनी पारपत्रे, परिषदेचे कागद, पावत्या यांचे एखादे पाकीट हमखास असते, त्यात ती असण्याचा संभव आहे. पेटीवरचे पुठ्ठ्याचे बाह्य आवरणही टाकून देऊ नये. पेन, पेटी, आवरण, पुस्तिका आणि पावती असा पूर्ण संच आणि नुसते पेन यांच्या किमतीत इतके अंतर पडते की, नवख्या माणसाला ते हास्यास्पद वाटते.

भाच्याने दाखवलेली किंमत ही मागितलेली किंमत आहे. मागायला काय लागते? संकेतस्थळावर एखादे पेन काही लाखांना लावलेले असते ते पुष्कळदा त्या भावाला कोणी घेत नाही म्हणूनच तेथे दिसत असते. पाहायचे ते विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव. ईबेसारख्या ठिकाणी पूर्ण झालेले व्यवहार वेगळे काढून पाहता येतात. त्यातील गेल्या वर्षभराचे आठ-दहा व्यवहार टिपून घ्यावेत, न वापरलेली आणि वापरलेली पेने निराळी करावीत, आणि वापरलेल्यांच्या मधल्या भावाच्या आसपास आपली अपेक्षा ठेवावी. डॉलर किंवा युरोतील तो आकडा रुपयांत आणून त्यावर अडून बसू नये, कारण भारतातील ग्राहकवर्ग लहान आहे. परदेशातील ग्राहकही पाठवणीचा खर्च आणि त्याच्या देशातील आयात शुल्क मनातल्या मनात वजा करूनच बोली लावतो.

येथे ‘मर्यादित’ या शब्दाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण बहुतेकांची निराशा त्या शब्दापासून सुरू होते. हेमिंग्वे पेन २०,००० निघाले आणि अगाथा ख्रिस्तीचे, सापाच्या आकाराची चांदीची क्लिप असलेले पेन ३०,००० निघाले. त्या आधी, १९६५ साली पार्करने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १७१५ साली बुडालेल्या स्पॅनिश जहाजांतून वर काढलेल्या चांदीची ४,८२१ पेने केली होती आणि ती प्रत्येकी ७५ डॉलरला विकली होती. पुष्कळदा हा आकडा मागणीपेक्षा एखादी गोष्ट सांगण्यासाठी निवडलेला असतो. माँ ब्लाँच्या कितीतरी आवृत्त्या ४,८१० पेनांच्या आहेत, कारण त्या नावाच्या पर्वताची उंची ४,८१० मीटर समजली जाते. २०,००० निघूनही हेमिंग्वेला आज मागणी आहे, कारण ते मालिकेतील पहिले पेन आहे आणि मालिका पूर्ण करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ते लागतेच. उलट अवघ्या काहीशे निघालेल्या, रत्ने जडवलेल्या, पण हातात धरून लिहिता न येणाऱ्या पेनांना पहिल्या खरेदीदारानंतर दुसरा मिळणे कठीण जाते. ड्यूमाची गणना मी मागणी असलेल्यांत करतो.

विकण्याचे तीन मार्ग आहेत. जुनी पेने घेणारा दुकानदार पैसे लगेच देतो, पण त्याला ते पुढे विकायचे असल्यामुळे भाव पाडून मागतो. यात गैर काही नाही. संग्राहकाला थेट विकल्यास भाव चांगला येतो, पण वेळ लागतो. मुंबईत अलीकडे पेनांची प्रदर्शने भरतात, तेथे पेन घेऊन जावे आणि पहिल्या दिवशी फक्त दाखवावे, विकू नये. चार जाणकारांनी न विचारता सांगितलेले भाव ऐकले की खरा भाव कळतो. तिसरा मार्ग परदेशी लिलावाचा. समजा, हातोडा ६०,००० रुपयांवर पडला आणि विक्रेत्याचे कमिशन १५ टक्के असले, तर ९,००० रुपये तेथेच जातात. उरलेल्या ५१,००० मधून विम्यासह पाठवणी, छायाचित्रांचा खर्च आणि बँकेचे शुल्क निघते. दुर्मीळ पेनाला हा मार्ग परवडतो. आपले पेन वापरलेले असून पुस्तिकाही नाही, म्हणून आपल्याला मी दुसरा मार्ग सुचवेन. अपवाद एकच, सही मुलाची निघाली तर. मग घाई न करता लिलावसंस्थेला छायाचित्रे पाठवून अंदाज मागवावा, तेवढ्याचे सहसा पैसे पडत नाहीत.

छायाचित्रे खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावीत. निब वरून आणि खालून, सही, कड्यांवरील अक्षरे आणि दांडीचे टोक ही स्वतंत्र छायाचित्रे हवीत. टोपण मागे खोचून लिहिण्याची सासऱ्यांना सवय असेल, तर दांडीच्या शेवटी बारीक ओरखड्यांचे वलय उमटलेले असेल. तेही दाखवावे. ग्राहकाला ते पेन हातात आल्यावर दिसणारच आहे.

प्रश्न : माझ्या काकांनी २००९ साली महात्मा गांधींच्या नावाचे, ३,००० च्या आवृत्तीतील शाईचे पेन घेतले होते. ते एकदाही वापरलेले नाही. काकांनी ते मला दिले. या पेनावरून न्यायालयात वाद झाला होता असे ऐकले. ते विकणे बेकायदा आहे का, आणि विकल्यास प्राप्तिकर लागतो का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : वाद झाला होता. गांधीजींच्या १४०व्या जयंतीच्या सुमारास माँ ब्लाँने दोन आवृत्त्या काढल्या. एक २४१ पेनांची, कारण दांडीयात्रा २४१ मैलांची होती. त्या पेनावर चरख्यावरील सुताची आठवण म्हणून सोन्याची तार हाताने गुंडाळलेली होती, निबेवर काठी घेतलेले गांधीजी कोरलेले होते आणि किंमत अकरा लाख रुपयांहून अधिक होती. दुसरी आवृत्ती आपल्याकडे आहे ती. बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याचा आधार घेऊन केरळात न्यायालयाकडे दाद मागण्यात आली आणि २०१० च्या सुरुवातीला कंपनीने या पेनाची भारतातील विक्री थांबवली. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारात किंवा धंद्यात ज्यांचे नाव व चित्र वापरता येत नाही, त्यांची यादी या कायद्याच्या अनुसूचीत आहे. गांधीजींच्या जोडीने त्यात छत्रपती शिवाजी महाराजांचेही नाव आहे.

कायद्याचा रोख धंद्यासाठी केलेल्या वापरावर आहे. घरातील एक वस्तू एकदा दुसऱ्या व्यक्तीला देणे ही बाब त्याहून वेगळी दिसते, परंतु मी वकील नाही. व्यवहारापूर्वी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा आणि तो कागद पेनाच्या पेटीत ठेवावा, कारण पुढच्या मालकालाही तो लागेल. व्यवहारात अडचण दिसते ती अशी की, येथील दुकानदार हे पेन काचेच्या कपाटात मांडायला कचरू शकतो. म्हणजे विक्री ओळखीच्या संग्राहकामार्फतच होण्याचा संभव अधिक.

कराचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. स्वतःच्या वापरातील जंगम वस्तू विकल्यास सामान्यतः भांडवली नफ्याचा कर लागत नाही. या सवलतीतून दागिने, चित्रे, शिल्पे, कलाकृती वगळल्या आहेत, आणि दागिना या शब्दाची कायद्यातील व्याख्या गळ्या-हातांपुरती नाही. मौल्यवान धातूंचे अलंकार तिच्यात येतात, तसेच एखाद्या वस्तूत जडवलेली मौल्यवान व कमी मौल्यवान रत्नेही येतात. त्यामुळे साधे काळे पेन आणि रत्न जडवलेले पेन यांचा हिशेब एकच राहीलच असे नाही. शिवाय वर्षानुवर्षे पेटीतच पडून असलेली वस्तू ‘स्वतःच्या वापरातील’ कशी, असा प्रश्न निघू शकतो. काकांनी ज्या किमतीला घेतले तीच आपली खरेदी किंमत धरली जाते, म्हणून त्यांची पावती मागून घ्यावी आणि सीएंना पेन प्रत्यक्ष दाखवावे. रक्कम दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर ती रोखीने मुळीच स्वीकारू नये, त्यावर दंड तेवढ्याच रकमेचा आहे.

ता. क. १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींनी राजमहेंद्रीच्या रत्नम यांना त्यांच्या स्वदेशी शाईच्या पेनाबद्दल आभाराचे पत्र लिहिले होते. बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असे त्यात होते. आपले पेन हाम्बुर्गमधील कंपनीचे आहे. याने भाव कमी-जास्त होत नाही, पण पेन दाखवताना ही गोष्ट सांगणारा विक्रेता ग्राहकाच्या लक्षात राहतो.

प्रश्न : वडिलांना निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या चांदीच्या पार्कर ७५ पेनावर त्यांचे नाव देवनागरीत कोरलेले आहे. पेन मर्यादित आवृत्तीचे असल्याचे सांगतात. नाव घासून काढल्यास जास्त पैसे येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : येणार नाहीत. चांदीचा पत्रा पातळ असतो, नाव घासले की तेथे खळगा पडतो आणि चौकटीची नक्षी मोडते. कोरलेल्या नावाने भाव कमी होतो हे खरे, पण घासलेल्या नावाने त्याहून कमी होतो. चौकटीच्या नक्षीचे चांदीचे पार्कर ७५ हे नेहमीच्या उत्पादनातील पेन होते. वर उल्लेख केलेल्या, बुडालेल्या जहाजांच्या चांदीपासून केलेल्या १९६५ च्या आवृत्तीची कागदपत्रे असल्याशिवाय त्याला मर्यादित आवृत्ती म्हणून विकू नये. आणि उत्तर अनाहूत वाटले तर क्षमा असावी, परंतु वडिलांचे नाव असलेल्या साध्या पार्करचा सर्वांत योग्य ग्राहक आपल्या घरातच असावा.

प्रश्न : माझ्याकडे ओमास या इटालियन कंपनीचे सेल्युलॉइडचे, क्रमांक असलेले पेन आहे. चांगला भाव येईपर्यंत ते ठेवावे असा विचार आहे. येथील पावसाळ्याची धास्ती वाटून मी ते प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवले आहे. डबा उघडल्यावर कापरासारखा वास येतो. पेन खराब होत आहे का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : कापराचा वास हे तूर्त चांगले लक्षण समजा, कारण सेल्युलॉइड कापूर घालूनच बनवतात. वास आंबट, नाकात झोंबणारा येऊ लागला तर मात्र ते कुजू लागले आहे. दमटपणाला भिऊन आपण केलेला बंदोबस्त या पेनाला मानवणारा नाही. सेल्युलॉइडमधून आम्लधर्मी वायू सुटत असतात. हवाबंद डब्यात ते कोंडले की त्याच पेनाला खातात, क्लिप हिरवी पडते आणि शेजारी ठेवलेली दुसरी पेनेही बिघडतात. आजच डबा काढून टाकावा. सुती कापडाच्या पिशवीत, लाकडी खणात, उन्हापासून आणि स्वयंपाकघराच्या उष्णतेपासून दूर ठेवावे आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून पाहावे. सेल्युलॉइड भराभर पेटते, तेव्हा देवघराच्या खणात नको.

भाव वाढेल का, हे मी सांगू शकत नाही. ओमास १९२५ पासून बोलोन्यात होती आणि २०१६ साली बंद पडली. कंपनी बंद झाली की नवी पेने येणे थांबते, तसेच सुटे भाग मिळणेही थांबते. पहिल्या गोष्टीने भाव चढतो, दुसरीने तुटक्या पेनांचा भाव कोसळतो. आपले पेन धडधाकट असेल तर ते तसे असेपर्यंतच विकावे, असे मी म्हणेन.

प्रश्न : शिक्षणासाठी पैसे हवेत म्हणून आजोबांनी दिलेले पेलिकानचे निळे ‘ब्लू ओशन’ पेन मी एका संकेतस्थळावर विकायला लावले. अर्ध्या तासात एका गृहस्थांनी घासाघीस न करता पूर्ण रक्कम मान्य केली. आपण लष्करात असून बदलीच्या गावी आहोत, असे सांगितले. पैसे पाठवण्यासाठी त्यांनी क्यूआर कोड पाठवला आहे. पुढे काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो कोड स्कॅन करू नये आणि त्या गृहस्थांशी पुढे बोलू नये. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. ही दोन्ही कामे पैसे देणाऱ्याची आहेत. लष्करी गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्र पाठवून विश्वास मिळवणे ही या टोळ्यांची जुनी रीत आहे. पेनाचा खरा ग्राहक कसा ओळखावा, तर तो प्रश्न विचारतो. निब कोणत्या जाडीची, दांडीवर केसासारखी चीर आहे का, पिस्टन सरकतो का, क्रमांक कोणता. १९९३ साली निघालेल्या ५,००० पैकी एका पेनाला कोणी काहीही न विचारता पूर्ण भाव देत असेल, तर त्याला पेन नकोच आहे.

खरा ग्राहक मिळाला की रक्कम बँकेत जमा झाल्याचे स्वतः खाते उघडून पाहावे, मोबाइलवरील संदेशावर विसंबू नये. पेन बांधताना सुरुवातीपासून चिकटपट्टी लावेपर्यंत सलग चित्रीकरण करावे, त्यात पेनाचा क्रमांक दिसला पाहिजे. पेटीतील खाचेत पेन घालून पाठवू नये, कारण हिसके बसून ते आत आपटत राहते. ते मऊ कापडात गुंडाळून, जाड पुठ्ठ्याच्या नळीत बसवून, नळी पेटीशेजारी ठेवावी. आणि पाठवण्याआधी पेन धुऊन पूर्ण कोरडे करावे. पिस्टनमध्ये चार थेंब शाई राहिली तरी विमानात हवेचा दाब उतरला की ती निबेतून बाहेर येते आणि ग्राहक टोपण उघडतो तेव्हा त्याची बोटे निळी होतात.